वीस नखांची मैना

गुरांच्या डॉक्टरकडून लोकांना गायीम्हशींच्या गोष्टी हव्या असतात. अडलेली गाय, खांद्यापर्यंत आत गेलेला हात आणि शेवटी धडपडत उभं राहणारं वासरू. त्या माझ्याकडे पोत्याने आहेत आणि सांगून सांगून घरच्यांचे कान किटले आहेत. म्हणून यंदा अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा ठरवलं, की कुत्र्याच्या पिल्लांवर लिहायचं. तेही त्यांच्या शेपटीवर आणि नखांवर. बायको म्हणाली, "अहो, दिवाळीत हे कोण वाचणार?" म्हटलं, नाही वाचलं तर चकल्यांखाली घालतील, तेल तरी टिपलं जाईल.

पन्नास-साठच्या दशकात मी मालवणच्या गुरांच्या दवाखान्यात होतो. तेव्हा सिंधुदुर्ग म्हणजे समुद्रातला किल्ला. जिल्हा आमचा रत्नागिरीच. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. दवाखान्याच्या खुर्चीत बसलो की पुस्तकी मराठी बोलायचो आणि राग आला की मालवणीवर यायचो. म्हणजे दिवसातला बराच वेळ मालवणीच बोलायचो. गावात माझी ओळख 'ढोरांचो डाक्टर'. मासळीबाजारातून चाललो की एखादी बाई नवऱ्याकडे बोट दाखवून हमखास ओरडायची, "डाक्टरांनू, आमच्या घोवाक पण वाईच बघा, तो पण ढोरच आसा!" आणि सगळा बाजार हसायचा. मीही हसायचो. न हसून करतो काय, मासे तिच्याकडूनच घ्यायचे होते.

कुत्रं घेऊन मात्र कुणी फिरकत नसे. कुत्र्याला डॉक्टर लागतो हीच कल्पना लोकांना हसू आणणारी. माझे बरोबरीचे दोघे मुंबईत शेठ लोकांच्या कुत्र्यांना टॉनिक पाजत बसले होते, आणि मी इथे रेड्याच्या खुरात बोटं घालत होतो. कधीकधी वाईट वाटे, खोटं कशाला बोलू? पण पिल्लांच्या शेपटीचं शास्त्र मीही शिकलेलो होतो, आणि ते वापरायची पाळी माझ्यावर आणली तारकर्लीच्या इनास तांडेलने.

इनास म्हणजे बोटीवर आयुष्य काढून माडाच्या बागेत येऊन बसलेला गृहस्थ. एक दिवस तो टोपलीत चार पिल्लं आणि काखेत एक कॅलेंडर घेऊन दवाखान्यात हजर झाला. पिल्लं चांगली महिन्या-दीड महिन्याची, टोपलीतून बाहेर पडून माझ्या चपला चावायला लागलेली.

"डाक्टरांनू, ह्यांची शेपटां कापा."

"का बरं?"

त्याने कॅलेंडर उघडलं. त्यावर एक गुबगुबीत विलायती कुत्रा, शेपूट अंगठ्याएवढी. "ह्या बघा. जातिवंत कुत्र्याक शेपूट नसता."

"इनासबाब, त्यालाही होती. कुणीतरी कापली."

"देवा सायबा!" तो खुर्चीतच बसला. जगभर बंदरं पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट तोवर कुणी सांगितलीच नव्हती.

मग मी त्याला समजावलं, तेच तुम्हालाही सांगतो. काही जातींत शेपूट तोडायची चाल आहे. ती चांगली की वाईट हा वाद तेव्हाही होता. पण तोडायचीच असेल तर पिल्लू जन्मल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. त्याला पिऊ द्यायचं, ऊब धरू द्यायची, आईच्या अंगाशी रुळू द्यायचं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, डोळे मिटलेले असतानाच, काम उरकायचं. तेव्हा आतलं हाड म्हणजे नुसती कूर्चा असते, रक्त थोडं, जखम लगेच मिटते. पिल्लू अशक्त असेल तर सरळ नाही म्हणायचं. आईला आधी लांब न्यायचं, पिल्लू केकाटलेलं तिला ऐकू जाता कामा नये. कात्री उकळलेली हवी. आणि कापताना हात आखडता घ्यायचा, कारण जास्त गेलेलं पुन्हा चिकटवता येत नाही. पाचवा दिवस टळला की गोष्ट संपली. महिन्याच्या पिल्लाची शेपूट कापणं म्हणजे त्याचं बोट कापण्यासारखं, आणि ते मी नुसत्या फोटोसाठी करणार नव्हतो.

"म्हणजे मी उशिरा इलंय?"

"होय."

"बरा, मगे फुडच्या खेपेक वेळेर येतंय."

आणि आला की! पुढच्या खेपेला कुत्री व्यायली त्याच सकाळी तो धापा टाकत दारात. मी त्याला परत पाठवला आणि ठरल्या दिवशी पिशवी घेऊन तारकर्लीला गेलो. कुत्रीला बागेच्या टोकाला बांधलं होतं. पाणी उकळलं, कात्री उकळली, आणि मी इनासला म्हटलं, "पिल्लू तळहातावर धर."

त्याने धरलं. एवढ्या दांडग्या हातात ते पिल्लू तोंडाने दूध शोधत होतं आणि त्याचा अंगठा चोखत होतं. इनास म्हणाला, "ऱ्हवांदे, डाक्टरांनू. शेपूट कापल्यार मी बाजारातसून घराक इलंय की ह्यो हलयतलो काय?"

माझी खेप फुकट गेली म्हणून मी जरा कुरकुर केली, पण परतताना त्याने दिलेले दोन नारळ सायकलला बांधताना बरंच वाटत होतं. त्या बागेतल्या एकाही कुत्र्याची शेपूट शेवटपर्यंत कुणी कापली नाही. इथवर हसण्यावारी झालं. नखांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नव्हतं.

मसुऱ्याला आठवड्यातून एकदा माझा फेरा असे. चावडीच्या ओसरीवर बसायचं, लोक गुरं आणायचे, आणि ज्यांना आणता येत नसतील त्यांच्या घरी जायचं. दाजी परबांच्या बैलाचा खांदा सुजला होता म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. घर गावाच्या टोकाला, मागे लगेच डोंगर आणि रान. दाजी जुने शिकारी. ठासणीची बंदूक, पिळदार मिशी, आवाज तोफेसारखा. बायको वारलेली, मुलगा मुंबईला गिरणीत. घरात सून, सुंदरा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती सासऱ्यांसमोर कधी यायची नाही, काही बोलायचं झालं तर दाराआडून.

पारध करणाऱ्याच्या घरात कुत्र्याला मान असतो. डुक्कर पडलं की वाटण्यांत कुत्र्याचा वाटा वेगळा निघतो. पण हा मान कुत्र्याला, कुत्रीला नव्हे. कुत्री वर्षातून दोनदा वीत बसणार, तिला कोण पोसणार? म्हणून मादी पिल्लं डोळे उघडायच्या आत पोत्यात घालून होडीने खाडीपलीकडे नेऊन सोडायची, ही तिथली सरसकट रीत. सोडायची म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच.

दाजींची कुत्री नुकतीच व्यायली होती आणि मी जायच्या आधल्याच रात्री, चौथ्या दिवशी, तिला वाघाने नेलं होतं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पिल्लांतलं एकच जगलं, तेही मादी. बैलाचा खांदा बांधून होताच सुंदरा दाराआड येऊन उभी राहिली. ओच्यात ते पिल्लू, आणि हातात शेळीच्या दुधात भिजवलेली कापडाची वात.

"डाक्टरांनू, ह्या जगात काय?"

जगेल की नाही ते बघायला मी पिल्लू हातात घेतलं. भुकेलं होतं पण चिवट होतं. उलटं करून पाहिलं तर मागच्या दोन्ही पायांना आतल्या अंगाने एकेक जादा अंगठा, नखासकट, नुसत्या कातडीवर लोंबत होता.

"वीसनखी आसा!" दाजी मागून गरजले. "माका वाटला होता पलीकडे धाडूचा. पण पाय बघलंय आणि हात थांबलो."

आता हा हिशेब समजून घ्या. साध्या कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार-चार. अठरा झाली. एखाद्यालाच मागे ही दोन जादा येतात, तो वीसनखी. तो वाघाला भीत नाही, तो निजतो त्या घरावर संकट येत नाही, असं आमच्याकडे जुनेजाणते छातीठोकपणे सांगतात. माझं शास्त्र वेगळं सांगतं. पुढच्या पायाचा अंगठा घट्ट असतो, कुत्रा त्याने हाडूक धरतो, त्याला हात लावायचं कारण नसतं. मागचा असा लोंबता अंगठा मात्र निरुपयोगी. तो जमिनीला टेकत नाही म्हणून नख झिजत नाही, वाढत वाढत वळून मांसात शिरतं. आणि रानात फिरणाऱ्या कुत्र्याचा तो आज ना उद्या जाळीत अडकून फाटणार. काढायची वेळ शेपटीचीच, डोळे उघडायच्या आत. म्हणजे नेमकी आज.

"दाजी, ही दोन नखं आत्ताच काढू या," मी पिशवी उघडली.

"खबरदार! हात लावशात तर! डाक्टर तुमी ढोरांचे, वाघ कधी बघलास?"

"वाघ नाय बघलंय, पण कुजलेलो पाय बघलंय!" मी मालवणीवर आलो. "दोन वर्सांनी माझ्याकडे रडत येशात!"

दाजी पाय आपटत बैलाकडे निघून गेले. मीही तापलो होतो. तेवढ्यात सुंदरा दबक्या आवाजात म्हणाली, "डाक्टरांनू, कापू नकात."

"अगो, तुका पण वाघाचा खरा वाटता?"

"माका वाघाचा काय म्हायत नाय. पण नखां आसत म्हणान मामंजी हिका घरात ठेवतत. नखां गेली की ही पलीकडे गेली." मग म्हणाली, "घोव वरसाक एकदा येता. मामंजी दिसभर रानात. माका ह्या घरात बोलूक कोण आसा?"

आमच्या पुस्तकात तिसऱ्या दिवसाचं लिहिलं होतं, पाचव्याचं लिहिलं होतं. या बाईचं कुठे काही लिहिलेलं नव्हतं. मी पिल्लाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पिशवी बंद केली. त्या दिवशी नखं काढली असती तर पुढचं दुखणं टळलं असतं हे खरं. पण मग दुखायला कुत्री उरली नसती.

"नख वाढूक देव नको," मी तिला बजावलं. "टोक तेवढा छाटीत ऱ्हव. आत लाल शीर दिसता, थयसर जाव नको."

छाटायला तिने काय घ्यावं? सासऱ्यांचा अडकित्ता! दाजी बाहेर गेले की ही पिल्लाला मांडीवर घेऊन नखं छाटायची आणि अडकित्ता पुसून पानाच्या डब्यात जागच्या जागी ठेवायची. मसुऱ्याच्या फेऱ्यात मी मुद्दाम वाकडी वाट करून पाय तपासून यायचो. काम इतकं सफाईदार, की आमच्या दवाखान्यात तिला नोकरी द्यावी असं वाटे. दाजी त्याच अडकित्त्याने सुपारी कातरून मला पान द्यायचे आणि मी मुकाट्याने खायचो.

पिल्लाचं नाव मैना. ती सुंदराच्या पदराला धरून वाढली. सुंदरा लाकडांना गेली की मैना पुढे, विहिरीवर गेली की मैना काठावर. घरात आता दिवसभर बोलणं ऐकू यायचं, सगळं एकाच बाजूने, पण ऐकणारीचे कान टवकारलेले. एकदा डोंगराच्या कडेला वाघ शेळ्यांवर आला तेव्हा मैना अशी काही भुंकली की तो आल्या वाटेने परत गेला. मग काय विचारता! दाजी चावडीवर बसून येईल त्याला सांगत सुटले. इन्सुलीहून आलेल्या पाहुण्याने तिच्या पिल्लासाठी शब्द टाकून ठेवला. मला पाहिलं की दाजी मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "काय डाक्टर, कापूक गेल्लास ना?" मी म्हणायचो, होय बाबा, चुकलं.

आणि मग व्हायचं ते झालंच. भातं कापून झाल्यावर पारध निघाली, मैना करवंदाच्या जाळीत घुसली आणि मागच्या पायाचं ते नख फाटून लोंबायला लागलं. दाजींनी पाला वाटून बांधला. डॉक्टर नको, तो कापणार, एवढं बोलून गप्प बसले. मी पुढच्या फेऱ्याला चावडीवर बसलो होतो, समोर बैल, म्हशी, दहा-बारा पुरुष माणसं. बघतो तर सुंदरा वाटेने येते आहे, एकटी, डोक्यावर डाली, म्हणजे बांबूची मोठी टोपली. ती बाई त्याआधी कधी चावडीवर आली नव्हती. पुरुष बाजूला सरले. तिने डाली उतरवली, वरचं फडकं काढलं. आत मैना. पाय सुजून केवढा तरी झालेला, जखमेत किडे.

"कापा," सुंदरा म्हणाली.

"दाजींका इचारलंस?"

"नाय."

"सुंदरा, नख गेला तर दाजी हिका पलीकडे सोडतले, तूच सांगितलंस."

"सोडतले तर मी पण जातलंय, हिच्या वांगडा."

कुत्रीबरोबर घर सोडून जाईन, हे ती एवढ्या माणसांसमोर बोलली. मी किड्यांसाठी टर्पेंटाइनची बाटली शोधायला लागलो.

तिने पदराची पट्टी फाडून मैनेचं तोंड बांधलं आणि डोकं छातीशी धरलं. मी किडे काढले, बधिर करायचं इंजेक्शन दिलं, फाटलेलं नख मुळापासून काढलं, टाके घातले. पिल्लूपणी चिमटीत होणारं काम, पण आता चांगलाच घाम फुटला. मग दुसऱ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. तोही आज ना उद्या असाच फाटणार. आणि एकोणीस नखांची कुत्री तर माझ्याही शास्त्रात बसत नव्हती आणि दाजींच्याही.

"दोनय काढा," सुंदराच म्हणाली. "परत ह्या दुखणा नको तिका."

शेवटचा टाका घालतो आहे तोच दाजी आले. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. धावत आल्यासारखे, पण ओसरीपाशी आले आणि थांबले. एनॅमलच्या बशीत दोन नखं पडलेली दिसली. मला वाटलं आता तोफ उडणार. पण ते पायरीवर बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "झाला. आता अठराच. अठरा नखांची कुत्री रस्त्यार पडलीत." मग सुनेकडे न बघता, "हिका घेवन घराक येव नको."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांचं तोंड घरचं माणूस गेल्यासारखं झालं होतं. रानाच्या तोंडाशी राहणारा म्हातारा, मुलगा लांब, हाताला कंप सुटलेला. त्या दोन नखांवर तो रात्री निर्धास्त झोपत होता. हे मला तेव्हा कळलं.

सुंदराने बशीतली नखं उचलली, माझ्याकडून औषध मागून धुतली, पुसली. पदराचा आणखी एक तुकडा फाडला, नखं त्यात गुंडाळली, आणि आपल्या गळ्यातला काळा दोरा काढून त्याने ती पुरचुंडी मैनेच्या गळ्यात बांधली. मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामंजी, मोजा."

दाजी बघेनात. तिने स्वतःच मोजायला सुरुवात केली, एकेका नखाला बोट लावून, मोठ्याने. पुढचे पाय झाले, मागचे झाले. "अठरा," ती म्हणाली, आणि गळ्यातल्या पुरचुंडीवर हात ठेवला. "आणि ही दोन. वीस. खंय कमी झाली?"

दाजींनी मान वर केली, ती माझ्याकडे.

"डाक्टरांनू, तुमी शिकलेले. ह्या असा चलता काय?"

पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. इतका अवघड दुसरा आठवत नाही. मी हात धुवत म्हटलं, "चलता, दाजी. नख पायाकच व्हया, असा खंयच्या पुस्तकात लिवलेला नाय."

दाजी कुत्रीकडे वळले. मैना दमून निपचित पडली होती, पण त्यांचा वास आला आणि तिची शेपूट डालीवर आपटली. दाजी उठले, सुनेजवळ गेले.

"सर वाईच," ते म्हणाले. "गाठ सैल मारलंस. सुटात."

आणि त्यांनी ती गाठ सोडून स्वतःच्या हाताने पुन्हा मारली, घट्ट. डालीही त्यांनीच उचलली. सुंदरा मागून डोळे पुसत चालली होती, आणि मी समोरच्या म्हशीला भलत्याच औषधाची बाटली पाजायला निघालो होतो; तिच्या मालकाने हात धरला म्हणून बरं.

त्यानंतर आसपासच्या गावांतले लोक वीसनखी पिल्लं घेऊन वेळेवर यायला लागले, डोळे उघडायच्या आत. एवढीच अट, "डाक्टरांनू, नखां परत देवा." मी औषधाच्या पुड्यांचे कागद त्यासाठी राखून ठेवायचो. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, शस्त्रक्रियेनंतरची काळजी. त्यांनी मान डोलावली.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मसुऱ्याला गेलो. दाजी खाटेवर, डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. मैना खाटेखाली, तोंडावरचे केस पिकलेले, गळ्यात नव्या लाल कापडाची पुरचुंडी. सुंदराने चहा आणला, सासऱ्यांच्या समोरच बसून दिला, आणि इकडच्या तिकडच्या गजाली मारल्या. उठताना जुन्या सवयीने मी वाकलो आणि मैनेचा मागचा पाय हातात घेतला. दाजींना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी हात खाली सोडून चाचपडत तिच्या गळ्यातली गाठ धरली.

"मोजू नकात, डाक्टरांनू," ते म्हणाले. "वीस आसत."